पुकारलेलं वजन

चामोर्शीच्या बाजारात धानाच्या बंड्या लागल्या होत्या. भैयाजीची लेक रंभा बंडीवरून उतरली ती थेट अडतीच्या मोठ्या काट्यापुढे येऊन उभी राहिली. काट्यावरच्या मुखरूने खाली मान घालूनच पोत्यासाठी हात पुढे केला... हाताला काहीच लागेना, तेव्हा त्याने वर पाहिलं.

"पोतं मागून येईन, मुखरूभाऊ," रंभा म्हणाली. "आधी मले तोला."

मुखरू काडीसारखा माणूस. पण त्याचं तोलणं असं सरळ, की दुसरे काटे रिकामे असले तरी शेतकरी त्याच्याच रांगेत घाम पुसत उभे राहायचे.

रंभेचं दुखणं गुडघ्यात होतं. दोन हंगाम झाले, अंगाच्या भाराने तिला धानाच्या रोवणीसाठी पाणी भरलेल्या बांधीत उतरता येत नव्हतं. बाकीच्या बाया चिखलात गात गात मागे सरकायच्या, आणि ही कडेच्या धुऱ्यावर बसून त्यांना पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंड्या फेकायची. गावात तिच्याइतका भरभर रोवणारा हात नव्हता. तोच हात धुऱ्यावर बसलेला पाहून तिची तिलाच चीड यायची. म्हणून ती गडचिरोलीच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, बरंच विचारलं आणि चिठ्ठीवर भूक आवरायची गोळी लिहून दिली. गोळी नुसता हात देते, चालायचं तुलाच आहे, असंही बजावलं. भात अर्धा, रोज पायी फिरणं. छाती धडधडली किंवा झोप उडाली तर गोळी बंद. आणि दर आठवड्याला वजन. दवाखान्यात काटा होता, पण तो बाळांचा.

मुखरूने तिला पारड्यात बसवलं. साखळी तिच्या बोटांना रुतू नये म्हणून खांद्यावरचा दुपट्टा काढून मध्ये दिला. रंभेने एकदा दुपट्ट्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. इथवर सगळं गोड होतं. पण तोलाऱ्याची रीत अशी, की वजन खड्या आवाजात पुकारायचं — विकणाऱ्याने ऐकावं आणि घेणाऱ्यानेही. मुखरूने सवयीने पुकारलं, "अडीच मण—"

बाजार हसला. हे कोणतं धान, बारीक लुचई का, असंही कोणी विचारून घेतलं. रंभा रडली नाही. पदर सावरून उतरली, पुढच्या बाजारी येते म्हणाली. मुखरूनेच त्या दिवशी उरलेली पोती हलक्या आवाजात पुकारली.

ती खरंच येत राहिली, आणि बंडीत नाही, पायी. जिलेबीच्या दुकानापुढून मान ताठ ठेवून जाणारं माणूस आम्ही बाजारकरांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. बाजारामागून बाजार गेले तसा 'मुखरूभाऊ'मधला भाऊ गळाला. सगळ्यात आधी वजन तिथेच कमी झालं, हे आमच्या नजरेतून सुटलं नाही.

"आज जेवून आल्या का उपाशी?" तो विचारायचा.

"तुह्या काट्याले कळत नाई काय?"

"काट्याले वजन कळते. बाकीचं मले विचारा लागते."

आकडा मात्र दर बाजारी उतरत होता. पारड्यातली वजनं मोजायला कोण जातो? मुखरूने पुकारलं म्हणजे झालं. लोकांचं हसणं बंद पडलं.

उन्हाळा सरत आला तशी रंभा एका बाजारी आली आणि पारड्यात बसलीच नाही. डॉक्टरीणबाईंनी गोळी बंद करून महिना झाला, म्हणाली. पुकारलेले आकडे ऐकून, एवढ्या भराभर उतरणं बरं नाही, असं त्यांचं मत पडलं.

"पण पोलकं अजून दाटते, मुखरू. गुडघा म्हणते, एवढी काई उतरली नाई. अन् रोवणी जवळ येऊन राह्यली..."

मुखरूच्या हातातलं पोतं तसंच खाली आलं.

"गुडघा खरा हाय," तो म्हणाला. "पुकारा खोटा होता."

"म्हणजे?"

"त्या दिवशी लोक हासले... मंग मले खरं पुकारवलंच नाई. दर बाजारी थोडं कमीच पुकारत गेलो."

ज्याने कधी पावशेर धान इकडचं तिकडे केलं नाही, त्याने हे भर बाजारात सांगितलं. मागे रांगेत माणसं उभी होती. उद्या त्याच्या काट्यावर कोण विश्वास ठेवणार होतं?

"काऊन केलं असं?"

"तुमाले कोणी हासलेलं पाहवत नाई. अन् मले तर तुम्ही पहिल्या दिवशी जेवढ्या होत्या, तेवढ्याच..." तो साखळीशी चाळा करू लागला. "बऱ्या दिसत होत्या."

रंभेचे कान लाल झाले, पण आवाज हलला नाही. "मी कोणाले बरी दिसावं म्हणून गोळी खाऊन नाई राह्यली. मले बांधीत उतरायचं हाय. लोक हासू दे. खरा आकडा तुह्यापासी भेटते म्हणून इथी आली होती मी."

ती पारड्यात बसली. "चढव वजनं. अन् मोठ्यानं पुकार."

त्याने पुकारलं. खोट्या आकड्याहून पुष्कळ जास्त, पण पहिल्या दिवसाहून चांगलं दहा शेर कमी. ते तिचे स्वतःचे, चालून मिळवलेले. रांगेतलं कोणी हसलं नाही, आणि रांग सोडूनही कोणी गेलं नाही.

"आता हे बाईले तूच सांग," उतरताना रंभा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो तिच्यासोबत गडचिरोलीला गेला. बाईंनी त्याला चांगलं फैलावर घेतलं. औषध आकड्यावर चालतं, खोट्या आकड्यावर माणूस दगावतं, हे सुनावलं. मुखरू मान खाली घालून ऐकत राहिला. मग बाईंनी रंभेला तपासलं आणि गोळी पुन्हा लिहून द्यायला घेतली. मात्र रोज नाडी आणि झोप पाहणारं घरचं माणूस हवं. आई नाही, भैयाजीला नीट दिसत नाही... घरचं आणखी कोण आहे?

रंभेने मुखरूकडे बोट दाखवलं.

"याले नाडी पाहणं शिकवा," ती म्हणाली. "आता हाच राहीन घरचा."

बाईंनी मुखरूची बोटं तिच्या मनगटावर ठेवून दिली. तो मोजू लागला, चुकला, पुन्हा मोजू लागला.

"लय जोरात चालून राह्यली, बाई. गोळीनं तर नाई?"

"गोळी महिनाभर बंद आहे," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या.

रंभा खिडकीबाहेर पाहत होती. "यावेळी आकडा खरा हाय," ती हळूच म्हणाली... आणि हात सोडवून घेतला नाही.