डावीकडचा आवाज

आईने दिलेला डबा पोचवायला मी दुपारी दादाच्या क्लबमध्ये गेले. बाहेर लख्ख ऊन होतं, पण आत एकही खिडकी नसल्याने दिवस आहे की रात्र तेच कळेना. ओलसर गालिच्याचा आणि शिळ्या सिगारेटींचा वास येत होता. दादा हेडफोन लावून संध्याकाळसाठी यंत्रं तपासत बसला होता.

पूर्वी डीजेला सगळं सामान वाहून न्यावं लागे. आता बहुतेक क्लबमध्ये सारखीच यंत्रं असतात. दादाच्या गळ्यात फक्त एक पेनड्राइव्ह असतो. तो लावला की स्क्रीनवर दादाचं नाव येतं, त्याची गाणी येतात, गाणं कुठून उचलायचं त्याच्या खुणा येतात. आवाजाची मांडणीसुद्धा हवी तशी लागते.

पण ती मांडणी मुळात दादाची नव्हती. त्याला हे काम शिकवणाऱ्या उस्तादांची होती. गेल्या वर्षी ते याच यंत्रांपुढे, बसल्या जागी गेले. त्यांच्या पेनड्राइव्हवरून दादाने सगळं आयतं उचललं, फक्त नाव बदललं. उस्तादांचा उजवा कान बहिरा होता, म्हणून हेडफोनचा सगळा आवाज त्यांनी डावीकडे घेतलेला. तेही बदलायला हवं, हे दादा विसरला.

"दादा, डबा," मी त्याच्या उजवीकडून म्हणाले. पुन्हा म्हणाले. मग वळसा घालून डावीकडे गेले, तेव्हा तो केवढ्याने दचकला!

"मौनीबाबा, जरा तोंड उघडून बोलत जा की!"

"केव्हाची हाका मारतेय."

त्याचं हसू मावळलं. "डॉक्टर म्हणतात, कान ठणठणीत आहे. पण उजवीकडचं मला... येतच नाही गं. मालकाला कळलं तर उद्यापासून घरी बसेन."

"मग ती मांडणी पुसून टाक ना."

"कितीदा पुसली. नवा पेनड्राइव्ह घेतला, दुसऱ्या क्लबमध्ये लावून पाहिला. तरी तेच..."

मला राहवलं नाही. मी हात लांबवून यंत्रातला पेनड्राइव्ह उपटला.

गाणं मध्येच तुटलं. स्क्रीनवरचं नाव गेलं. कुठल्यातरी पंख्याची घरघर तेवढी उरली. दादाने सावकाश हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मी त्याच्या उजव्या कानाशी वाकले.

"दादा... आता येतंय ऐकू?"

त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. मान उजवीकडे कलती करून तो हळूहळू होकार देत होता, वर्गात सर समजावून सांगताना आम्ही देतो तसा. मी त्याची बाही ओढली. मोठी माणसं बोलत असताना लहानांना गप्प करतात, तसा त्याने हात वर केला.

"थांब जरा," तो कुजबुजला. "त्यांचं होऊ दे..."

त्याच्या उजवीकडे माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

मी मागे सरले तेव्हा माझा हात टेबलावरच्या हेडफोनवर पडला. त्याची उजवी गादी दादाने बाहेर वळवून ठेवली होती, ती तो कधी कानाला लावतच नसे.

ती गरम होती. आत्ताच कोणाच्या तरी कानावरून काढल्यासारखी.