फक्त आकडा पाठवा, अप्पा

ही घटना घडली आहे. वाचणाऱ्याने विश्वास ठेवावा असा आग्रह नाही. पण ज्या फाइलविषयी पुढे सांगायचे आहे, ती फाइल आजही परभणीतल्या एका कार्यालयाच्या संगणकात आहे.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. मे महिन्यातली सकाळ होती. अकरा वाजले होते.

पंकजा त्या कार्यालयात प्रोग्राम लिहीत असे. जिंतूर तालुक्यातल्या चाळीस विहिरींवर चाळीस माणसे नेमलेली होती. ती रोज सकाळी काठावरून टेप सोडत. पाणी किती मीटर खोल लागले, तो आकडा फोनवरून पाठवत. प्रत्येक विहिरीची एक साधी मजकुराची फाइल होती. आलेली ओळ आपोआप तिच्या तळाशी जाऊन बसे. पंकजाचा प्रोग्राम त्या ओळी वाचून आलेख काढी.

सतरा नंबरच्या विहिरीपाशी मात्र तो रोज अडकायचा.

बोरीच्या पुढच्या एका गावातली ती विहीर. तिथले अण्णाराव अप्पा सत्तरीचे, जुन्या वळणाचे लिंगायत गृहस्थ. त्यांची ओळ ‘शरणु शरणार्थी, ताई’ अशा नमस्काराने सुरू व्हायची. मग आकडा. मग आणखी काहीबाही. प्रोग्रामला सुरुवातीलाच अंक हवा असे. शब्द दिसले की तो बंद पडे.

“अप्पा, फक्त आकडा पाठवा,” तिने फोनवर सांगितले होते.

अप्पा हसले होते. “ताई, शरणार्थ न करता आकडा काय धोंड्यावानी फेकून मारू का तुमाला? आमच्यात तसं न्हाई चालत.”

तिने वाद घातला नाही. प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली. ओळीतला आकडा उचलायचा, शब्द टाकून द्यायचे. कुणालाही न सांगता.

त्यानंतर प्रोग्राम कधी अडकला नाही.

त्या सकाळी आलेख पाहताना तिचा हात थांबला. एकोणचाळीस विहिरींचे पाणी खाली चालले होते. सतरा नंबरचे मात्र वर येत होते.

६ मे, ११.४०. मग १०.८०. मग १०.२०...

आजचा आकडा होता ४.८०.

भर मे महिन्यात बारा दिवसांत साडेसहा मीटर पाणी चढत नाही. तिने अप्पांना फोन लावला. बंद. मग त्यांच्या मुलाला, राजेश्वरला लावला.

“अप्पांना जरा देता का?”



“अप्पा जाऊन बारा दिस झाले, ताई. त्याच हिरीत. टेप वर घ्यायला वाकले अन् कठडा ढासळला.”

“पण आकडे तर...”

“कशाचे आकडे? फोन त्यांच्या खिशात व्हता. अप्पांना काढलं. फोन काय गावला न्हाई.”

पंकजाने फोन खाली ठेवला. आणि सतरा नंबरची मूळ फाइल त्या बदलानंतर प्रथमच उघडली.

‘शरणु शरणार्थी, ताई. ११.१०. कठडा हलायलाय, गवंडी पाठवा.’

‘शरणु शरणार्थी, ताई. ११.२०. एक दगड आत गेला. तुमाला वेळ झाला की बघा.’

अशा नऊ ओळी होत्या. नऊही तिच्या प्रोग्रामने वाचल्या होत्या, आणि नऊही वेळा आकडा तेवढा ठेवला होता.

शेवटची तशी ओळ ६ मेची. त्याखाली बारा ओळी आणखी होत्या.

त्यांत शरणार्थ नव्हता. एकही शब्द नव्हता.

फक्त आकडा... तिने सांगितला होता तसा.

दुसऱ्या दिवशी ती गावात गेली. निघण्यापूर्वी पाहिले तेव्हा ४.२० आला होता. राजेश्वरने तिच्यादेखत विहिरीत टेप सोडला. पाणी लागले अकरा मीटर नव्वदवर.

म्हणजे वर येत होते ते पाणी नव्हते.

तिने आत डोकावून पाहिले नाही.

घरात भागम्मा, अप्पांची पत्नी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी पाणी दिले. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, “गावात बोलतेत, म्हातारं धसमुसळं व्हतं, आंधळ्यावानी वाकलं. माज्या तोंडावर बोलतेत. त्यांनी तुमच्याकडं काई सांगितलं व्हतं का, ताई?”

पंकजाने पेला खाली ठेवला.

“सांगितलं होतं, काकू. नऊ वेळा. पण मशीनने... शब्द मशीनने गाळले.”

भागम्मांनी मान हलवली. मग तिच्याच पाठीवर हात ठेवला.

“मशीनला काय कळतंय, माय. तू नको रडूस.”

तो हात पाठीवर असताना तिला खरे सांगता आले असते. मशीन आपल्या मनाने काही गाळत नाही. ती ओळ मी लिहिली. एवढेच वाक्य होते. ते तिने गिळले, चहा घेतला आणि बोरीची एसटी पकडली.

दुसऱ्या सकाळी अकराला फाइलमध्ये नवी ओळ होती.

१.२०.

रोज जेमतेम हातभर सरकणारे ते एका दिवसात तीन मीटर वर आले होते...

तिने प्रोग्राममधली ती ओळ पुसली. आपली चूक साहेबांना लेखी कळवली. साहेबांनी कागद वाचून ‘जाऊ द्या’ म्हटले. गावात दुसरा माणूस नेमला. तो दुसऱ्या विहिरीवर टेप सोडतो. सतरा नंबरवर आता कुणी जात नाही.

आकडा मात्र रोज येतो. १.२०. कमी नाही, जास्त नाही. काठाखाली एवढ्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला वरचे बोलणे स्वच्छ ऐकू येते.

ही हकीकत पंकजाने स्वतः सांगितली, आणि सांगताना एकदाही मान वर केली नाही. खरे सांगायला ती अजून भागम्मांकडे गेलेली नाही. पुढच्या सोमवारी जाईन, म्हणते.

असे तीन सोमवार झाले.