ओढाताण

भाषण लिहायला बसून तिला तासभर होऊन गेला होता आणि कागदावर "मान्यवरहो" एवढंच उतरलं होतं. ती दातांची डॉक्टर. समोरच्याने तोंड उघडं ठेवायचं आणि आपण एकटीने बोलायचं, ही तिची वर्षानुवर्षांची सवय. चार लोकांसमोर उभं राहायचं म्हटलं की मात्र बोबडी वळायची. पण आईच्या कंपनीने नव्या प्रयोगशाळेला आईचं नाव द्यायचं ठरवलं होतं आणि आईला आता पलंगावरून उठवत नव्हतं. म्हणजे बोलायचं हिनेच.

आई आतल्या खोलीत मावशींकडून नखं रंगवून घेत होती. मावशी म्हणजे आईला सांभाळायला ठेवलेल्या बाई. आईने नव्वदी ओलांडली होती, अंगात त्राण नव्हतं, पण डॉक्टर तपासायला येणार म्हटलं की आधी लिपस्टिक लागायची, मग डॉक्टरांना आत सोडायचं. "आजी, ते छाती तपासायला येतायत, फोटो काढायला नाही," मावशी म्हणायच्या. "छातीच्या वर तोंड असतं," आई म्हणायची.

आई रंगांच्या कंपनीत होती. भिंतींचे रंग, गाड्यांचे, जहाजांचे. काचेची भांडी धुवायला म्हणून लागली आणि संचालक होऊन बाहेर पडली. शेड जुळवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. गिऱ्हाईक एखादी चिंधी नाहीतर फुटक्या कपाचा तुकडा आणून टाकायचं, म्हणायचं, अस्साच हवा. आई तो तुकडा आधी खिडकीशी न्यायची, मग बल्बखाली, मग ट्यूबखाली. कारण दोन नमुने एका उजेडात सख्खी जुळी दिसतात आणि दुसऱ्या उजेडात एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत. पडदे घेतानाही ती हेच करायची आणि दुकानदार कपाळाला हात लावायचा.

आणि राहणी तर काय सांगावी! आखूड कापलेले केस, अंगाबरोबर बसणारे कोट, गळ्याशी रेशमी स्कार्फ, टाचांचे बूट. तिला शाळेच्या फाटकाशी उभी बघून बाकीच्या आया नकळत आपले केस सारखे करायच्या. मुलीची मान ताठ व्हायची. आता मुलीचीच साठी जवळ आली होती, तरी आईचं नाव निघालं की मान ताठ व्हायची ती व्हायचीच.

शेवटी तिने कागद उचलला आणि आईच्या जुन्या सेक्रेटरीबाईंकडे गेली. त्या ऐंशीच्या घरात, एकट्या राहायच्या, आणि जिभेला हाड नाही म्हणून कंपनीत प्रसिद्ध होत्या. त्यांनी चहा दिला, बिस्किटं दिली आणि सांगायला लागल्या.

"लिही. सगळ्या नोकरीत एक रजा नाही. अर्धीसुद्धा नाही. हजेरी मी ठेवायचे, त्यामुळे मला कुणी शिकवू नये."

तिने लिहून घेतलं. मग वरची ओळ वाचली. ती तिची स्वतःची होती, चहा येईपर्यंत लिहिलेली: 'माझ्या शाळेचा एकही कार्यक्रम आईने चुकवला नाही.' दोन्ही ओळी छान होत्या. दोन्हींवर टाळ्या पडल्या असत्या. तिचं पेन तिथेच थांबलं.

"रजा नसेल. पण दुपारची निघत असेल ना मधूनच?"

"कुठली निघते! एकदा मलाच वाटलं होतं निघेल." सेक्रेटरीबाईंनी कप खाली ठेवला. "तुला गोवर निघाला होता बघ. आमचं बसच्या लाल रंगाचं काम चालू होतं. गावातल्या सगळ्या बस आमच्या रंगाने रंगणार होत्या आणि तो लाल काही जुळेना. तुझ्या बाबांचा फोन आला, पोरगी तापाने फणफणलीय. मॅडमनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसल्या. डोळे मिटले. चेहऱ्यावर थेंबभर रक्त नाही. मी पाणी आणायला धावले. परत येते तर बाई उठून उभ्या, एकदम मोकळ्या, ताज्यातवान्या. म्हणाल्या, चला, पुढचा नमुना. रंग जुळेपर्यंत त्या इमारतीबाहेर पडल्या नाहीत. बाकावर झोपायच्या. खरं सांगू? मला रागच आला होता त्यांचा."

"पण आई घरी होती," ती म्हणाली. "माझ्या उशाशी होती. ताप उतरेपर्यंत."

"असं तुझे बाबाही सांगायचे सगळ्यांना." सेक्रेटरीबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "मी त्यांना कधी खोटं पाडलं नाही. माणूस चांगला होता."

बिस्कीट तसंच बशीत राहिलं. ती घरी परतली ती पायीच.

वाटेत तिने डॉक्टरी डोक्याने सगळं तपासून पाहिलं. तापात मुलांना भास होतात. म्हाताऱ्यांच्या आठवणी एकात एक मिसळतात. बाबांना बायकोचं फार कौतुक, ते काहीही सांगत. हे सगळं ठीक होतं. पण कपाळावरचा तो गार हात, आईच्या कोलन वॉटरचा वास, आणि आईचं ते गाणं, त्याचा भास कसा होईल? भासात माणूस इतकं बेसूर गात नाही.

घरी मावशी आईला सूप भरवत होत्या. तिला बघताच आईचा चेहरा खुलला.

"ये. गोवराचं सांग ना."

हा आईचा अलीकडचा नाद होता. लॅबमधलं तिला सगळं लख्ख आठवायचं, कुठलं कपाट करकरायचं तेसुद्धा. घरातलं मात्र ती मुलीकडून ऐकायची, लहान मूल गोष्ट ऐकतं तसं. मग मी काय केलं? मग तू काय म्हणालीस? मुलीला वाटायचं, वय झालं, चालायचंच.

आज तिने गोष्ट सांगितली नाही. "आई, तेव्हा तू लॅबमध्ये होतीस?"

"मग कुठे असणार? तो लाल काही केल्या जुळेना."

"आणि माझ्या उशाशी कोण होतं?"

"मीच की! परक्या बाईला बसवीन का?"

"दोन्हीकडे कशी असशील तू?"

आईने चमचा बाजूला करायची खूण केली. मग आपल्या नखांकडे बघत म्हणाली, "बायका म्हणतात ना, फार ओढाताण होते म्हणून. त्या नुसतं म्हणतात. माझी झाली होती. दोन्हीकडून सारखीच ओढ, एक केसभर इकडे नाही की तिकडे नाही. आणि मग सुटतं. एकदम हलकं वाटतं गं."

मावशी सूप ढवळत गालातल्या गालात हसल्या. आजी भरकटल्या, असं त्यांना वाटलं असावं. मुलीला हसू आलं नाही.

"वाईट एवढंच," आई म्हणाली, "की त्यातलं एकच आपल्या वाट्याला येतं. दुसरीकडचं कुणीतरी सांगावं लागतं. तुझं सगळं बालपण मी तुझ्याकडूनच ऐकलंय." मग हळूच विचारलं, "रडले होते का मी तेव्हा?"

"नाही. गात होतीस. भयंकर बेसूर."

"शी!" आई लाजली, आणि इतकी खूश झाली की मुलीला पुढचं काही विचारवेना. त्या रात्री तिने भाषणातल्या दोन्ही ओळी तशाच ठेवल्या.

समारंभाच्या दिवशी सकाळी डॉक्टर येऊन गेले. दाराशी चपला घालता घालता म्हणाले, आता केव्हाही. जवळ राहा.

तिने लगेच कंपनीला फोन लावायला घेतला. तिला जगात एकाच गोष्टीची भीती होती: आई जाईल आणि आपण कुठेतरी दुसरीकडे असू. बाबांच्या वेळी ती दवाखान्यात कुणाची तरी दाढ काढत होती. ते तिने स्वतःला अजून माफ केलं नव्हतं.

"फोन ठेव," पलंगावरून आवाज आला. बारीक, पण मॅडमचा.

"मी नाही जाणार आई. तुला सोडून नाही."

"माझ्या नावाची पाटी लागतेय आणि घरचं काळं कुत्रंही नाही, शोभतं का? जा. आणि तो निळा कोट नको. त्यांच्या हॉलमध्ये ट्यूबा आहेत, त्यांत तो मेलेला दिसतो. राखाडी घाल."

तिने राखाडी घातला. आईने तिला खिडकीशी उभी राहायला लावलं, मग दिव्याखाली, आणि मान हलवली. ती निघाली. जिन्यात दोनदा मागे फिरली आणि दोनदा पुन्हा उतरली.

हॉल भरला होता. नव्या प्रयोगशाळेच्या ताज्या रंगाचा वास येत होता. पडदा सरकला, पाटीवर आईचं नाव झळकलं आणि माणसं उभी राहून टाळ्या वाजवू लागली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. केवढी आई होती तिची! मग तिचं नाव पुकारलं गेलं.

उजव्या हातात माईक होता. डावा हात मोकळा. ती पहिलं वाक्य बोलली आणि दुसऱ्याला अडखळली. घरी काय चाललं असेल? मावशींना इंजेक्शन जमेल का? उतरून पळत सुटावं. पण आई म्हणाली होती, जा. पळावं. उभं राहावं. पळावं.

डाव्या हातात कुणीतरी हात दिला.

तिने पाहिलं. हात रिकामा होता. पण बोटांवर बोटं होती, गार आणि हलकी, नखं नुकतीच रंगवलेली असावीत तशी गुळगुळीत.

कोलनचा वास आला.

छातीत दोन्हीकडून ताण बसला. तिने डोळे मिटले.

आणि सुटलं.

काय सुटलं ते तिला कळलं नाही. हलकं वाटलं एवढं खरं. डावा हात पुन्हा नुसता हात झाला. तिने डोळे उघडले आणि बोलायला लागली, कागद न बघता. रजा न घेणाऱ्या बाईबद्दल बोलली, शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या बाईबद्दल बोलली. बोबडी कुठल्या कुठे पळाली होती. लोक हसले, लोकांनी डोळे पुसले, आणि शेवटी सगळा हॉल उभा राहिला.

पहिल्या रांगेत सेक्रेटरीबाई तेवढ्या बसून होत्या. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या. तिच्या चेहऱ्याकडे एकटक बघत होत्या.

तिने घरी फोन लावला. कुणी उचलला नाही.

टॅक्सीतून उतरून ती जिना धावतच चढली. किल्लीने दार उघडलं. आईच्या खोलीची खिडकी उघडी होती. मावशी पायथ्याशी बसून डोळे पुसत होत्या. पलंगावर आई होती, केस विंचरलेले, ओठांवर लिपस्टिक, कडेला जराही न फाकलेली. इतकी देखणी ती कितीतरी दिवसांत दिसली नव्हती.

"गेल्या हो," मावशी मान वर न करता म्हणाल्या. "पण कशा गेल्या! तुमच्या हातात हात. आणखी काय हवं माणसाला?"

"मावशी, मी..."

"लिपस्टिक काय सुरेख लावलीत ताई तुम्ही. आणि त्या तुम्हाला जवळ ओढून कानात किती वेळ बोलत होत्या! म्हटलं, मायलेकींचं चाललंय, आपण कशाला, म्हणून मी बाहेर जाऊन बसले. दोघींचं हसणं येत होतं ऐकू." मावशींनी नाक पुसलं आणि वर पाहिलं. त्यांची नजर राखाडी कोटावर थांबली. "हे कधी घातलंत? आत्ता तर घरातल्या गाऊनवर होतात. तोंड धुवून येते म्हणालात आणि..."

त्यांनी न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं. आत पाणी वाहत होतं.

तिला भीती वाटली नाही. आई एकटी गेली नव्हती. तिच्या मनात एकच गोष्ट राहिली, की आई कानात काय बोलली.

ती दाराशी गेली आणि विचारायला तोंड उघडलं.

आत नळ बंद झाला.