चाळीस एकर आणि रेडिओवाला

"पान उलटू नका... थांबा जरा!"

चांगुणाच्या तोंडून शब्द निघून गेले आणि मग तिला भान आलं. १९६८ सालचा हिवाळा, केडगावहून नगरला जाणारी सकाळची बस, दाटीवाटी, आणि पुढच्या बाकावरच्या अनोळखी तरुणाचा पेपर ती त्याच्या खांद्यावरून चक्क वाचत होती.

तो मागे वळला. आधी तिच्याकडे बघितलं, मग पानाकडे. "इथे सिनेमाची जाहिरातही नाही. काय वाचताय एवढं?"

"अमेरिकेतल्या कंपन्यांच्या किमती."

तो हसला नाही. तिला तेच आवडलं. त्याने पेपरची घडी घालून तिच्या हातात दिली. "न्या. माझा वाचून झालाय." पुढे तो गडबडून म्हणाला, "म्हणजे... अर्धा."

त्याचं नाव गहिनीनाथ. कापडबाजारात त्याच्या वडिलांचं रेडिओचं दुकान होतं, आणि बी.कॉम. होऊन तोही तिथेच बसायचा. नुकतेच ते लोक केडगावात राहायला आले होते. चांगुणा तिसगावची. मामांकडे राहून ती कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला शिकत होती. वाचनालयाने तरुणांसाठी वक्तृत्व स्पर्धा ठेवली होती, 'जगातली सर्वांत मोठी कंपनी कोणती?' तिची तयारी त्यासाठीच चालली होती. गहिनीनाथानेही त्याच स्पर्धेत नाव दिलं होतं, हे दुसऱ्या दिवशी बसमध्येच कळलं.

मग रोज वाद.

"जनरल मोटर्सच मोठी," तो म्हणायचा. "विक्री बघा, तुमच्या आयबीएमच्या तिप्पट. लाखो माणसं कामाला. मोटारी रस्त्यावर दिसतात तरी! तुमची ती कॉम्प्युटरची यंत्रं कुणी पाहिलीत?"

"मग शेअरबाजार आयबीएमची किंमत दीडपट का धरतो?"

"बाजाराला वेड लागलंय."

"बाजार आजचं बघत नाही, उद्याचं बघतो."

"आणि उद्या चुकला तर?"

"तर चुकला... म्हणून काय उद्याकडे बघायचंच नाही?"

तो खिडकीबाहेर बघून हसायचा. थंडीचे दिवस होते. काच नीट न बसणाऱ्या त्या खिडकीतून वारा यायचा, म्हणून तो खिडकीकडे सरकून बसायचा आणि आतली जागा तिला द्यायचा. बस नगरात शिरली की चांगुणाला वाटायचं, आज इतक्या लवकर कशी आली?

स्पर्धेत ती पहिली आली, तो दुसरा. सगळ्यांत जोरात टाळ्या त्यानेच वाजवल्या. आणि त्यानंतर तो बसमध्ये दिसेनासा झाला.

चार दिवस तिने वाट पाहिली. हरल्याचा राग? तसला वाटला नव्हता. पाचव्या दिवशी कॉलेज सुटल्यावर ती सरळ कापडबाजारात गेली.

तो एका उघड्या रेडिओत डोकं घालून बसला होता. तिला पाहून उठला. "या... बसा."

"बसमध्ये का नसता?"

"सायकलने येतो."

"एवढ्या थंडीत?"

त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हणाला, "तुमचे मामा आले होते दुकानात. ट्रान्झिस्टर घेतला. भाचीचं लग्न ठरतंय म्हणाले, नवरदेवाला द्यायचाय... सेल मीच घालून दिले त्यात. चालवून दाखवला."

चांगुणाला हसावं की रडावं कळेना. नेवाशाकडचं स्थळ आलं होतं खरं. बागायती चाळीस एकर, ट्रॅक्टर. 'पोरीनं आता शिकून काय करायचंय?' असंही त्या लोकांनी विचारलं होतं. तिला मात्र कुणीच काही विचारलं नव्हतं.

"अजून ठरलेलं नाही," ती म्हणाली.

"चाळीस एकर आहेत, चांगुणाबाई. आमचं हे एवढंसं दुकान."

"म्हणजे तुमचं अजून तेच? ज्याची विक्री मोठी, तो मोठा?"

"मग तुम्ही काय बघाल?"

"उद्याचं."

तो खुर्चीच्या पाठीवर नख घासत राहिला. "मुंबईत टेलिव्हिजन येणार म्हणतात. तो दुरुस्त करायला शिकायचंय मला. नगरला यायला कितीही वर्षं लागोत. आणि तुम्ही... तुम्ही शिकत राहावं."

"परवानगी देताय?"

"नाही हो... आशा धरतोय."

चांगुणाने मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, "रविवारी तिसगावला या. हुरडा आहे आमच्या रानात."

तिने मामांना हे सांगितलं तेव्हा ते आधी चिडले. पण भाचीवर त्यांचा जीव होता. "तुझ्या बापाला तूच सांग," म्हणून ते मोकळे झाले. तिने शनिवारी वडिलांना, बन्सींना, सगळं सांगितलं.

रविवारी आगटीत कणसं भाजली जात होती. गहिनीनाथ इस्त्रीचा शर्ट घालून ढेकळांवर बसला होता. दुकान केवढं, भाडं किती, गिऱ्हाईक कसं, टेलिव्हिजन म्हणजे काय, असं सगळं तो सांगत सुटला. चटके बसल्यामुळे बोटं फुंकत होता, पण बोलायचा थांबत नव्हता.

बन्सींनी सगळं ऐकून घेतलं. मग लेकीकडे वळले. "चाळीस एकर सोडून ह्यो रेडिओवाला? का गं?"

"तिकडं माझं कॉलेज बंद हुईल, आण्णा." ती थांबली. "आन्... तिकडं मला कुनी इचारलंच न्हाई."

बन्सींनी हातावरचा हुरडा फुंकून फोलपट उडवलं. "पावनं, तुमी सांगा. दुकान ऱ्हाऊ द्या."

गहिनीनाथाच्या हातातलं कणीस तसंच राहिलं. कानापर्यंत लाल होत तो म्हणाला, "मला त्या... आवडतात. लई."

"आरं, मग ह्ये आदी सांगायचं हुतं की!" बन्सी म्हणाले. "सकाळधरनं टेलिव्हिजन-टेलिव्हिजन काय लावलंय? नेवाशाला मी उद्याच निरोप धाडतो. पन आदी तिची परीक्षा. लगीन मंग."

संध्याकाळी ती त्याला एस.टी.पर्यंत सोडायला निघाली. गाडी आली. तो पायरीवर चढला आणि वळून म्हणाला, "तुम्ही मात्र काहीच बोलला नाहीत."

"काय बोलायचं?"

"मी बोललो ते... सगळ्यांसमोर."

कंडक्टरने घंटी वाजवली. चांगुणा दोन पावलं गाडीबरोबर चालली.

"मलाही," ती म्हणाली. "लई."