बोलून मोकळे

कोणाच्या घरी मुलाखत घ्यायची म्हणजे पहिलं काम फ्रीज बंद करायचं. त्याची घरघर आपल्या अंगवळणी पडलेली असते, माइकला मात्र ती पिठाच्या गिरणीसारखी ऐकू येते. मग पंखा बंद, खिडक्या बंद, शेजारी जाऊन टीव्ही हळू करण्याची विनवणी. निघताना फ्रीज चालू करायचा राहू नये म्हणून कानसेन आपल्या गाडीची किल्ली फ्रीजमध्येच ठेवायचा. इतक्या वर्षांत आपण कोणाचं दूध नासवलं नाही, हे तो मोठ्या अभिमानाने सांगायचा.

आवाज मुद्रित करणाऱ्या या माणसाला कानसेन हे नाव तिनेच दिलं होतं. ती माहितीपट काढायची. पदरी कोणी नाही, पाठीशी कोणी नाही. कॅमेरा आणि प्रश्न तिच्याकडे, माइक आणि गाडी कानसेनकडे. बाकी परवानग्यांसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवणं, बॅटऱ्या चार्ज करणं, ट्रायपॉड खांद्यावर टाकून चार जिने चढणं, हे ज्याच्या वाट्याला येईल त्याने करायचं.

या खेपेचा विषय होता रंगाच्या कारखान्याला लागलेली आग. कामगार आतच राहिले, कारण मागचं दार बाहेरून कडी घालून बंद केलेलं होतं. कडी कोणाच्या हुकमावरून घातली ते सगळ्या वस्तीला ठाऊक होतं आणि कुठल्याच कागदावर नव्हतं. तिला ते कॅमेऱ्यावर हवं होतं. चॅनेलच्या साहेबांना मात्र वेगळंच हवं होतं.

"दारबीर ठीक आहे हो," ते फोनवर म्हणाले, "पण माणूस दिसू दे. डोळ्यांत पाणी दिसू दे. नाहीतर बघणार कोण?"

"बघते," ती म्हणाली आणि फोन ठेवल्यावर एक सणसणीत शिवी हासडली. पण साहेबांना काय म्हणायचं होतं ते तिला पुरतं कळलं होतं, आणि त्याचाच जास्त राग आला.

माणसांना बोलतं करण्यात तिचा हातखंडा होता. ती फारसं विचारायची नाही. गुडघ्यांवर हात ठेवून, थोडं पुढे झुकून नुसती ऐकत राहायची, आणि समोरचा माणूस आपणहून रिता होत जायचा.

पहिल्यांदा बसला तो कारखान्याचा जुना पहारेकरी. मागची कडी शेवटी त्यानेच उघडली होती, फार उशिरा. तापलेल्या लोखंडाला तळहात कसा चिकटला, दार उघडल्यावर आतून कोणीच कसं आलं नाही, नुसता धूर आला, आणि कडी घालायला व्यवस्थापकाने आपल्याला कसं समोर उभं करून सांगितलं होतं, हे सगळं त्याने एका सुरात सांगितलं. उठताना म्हणाला, "बरं वाटलं, ताई. छातीवरचा धोंडा उतरला."

पुढच्या आठवड्यात एक बारीकसा खुलासा हवा होता म्हणून तिने त्याला फोन केला.

"कोणती आग?" पहारेकरी म्हणाला.

"काका, कारखान्याची. तुम्ही कडी उघडलीत ना?"

"मी? नाही बुवा. तुम्हाला दुसरं कोणी हवं असेल."

आवाजात भीती नव्हती, चोरटेपणा नव्हता. मागे नातवंडांचा गोंधळ चालला होता आणि म्हातारा चांगला मजेत वाटत होता.

"फिरवला त्याला," ती कानसेनला म्हणाली. "मालकाची माणसं जाऊन आली असणार." संताप झाला, पण नवल वाटलं नाही. असे फिरलेले लोक तिने पुष्कळ पाहिले होते.

त्यानंतर रुग्णालयाच्या जळीत विभागातली परिचारिका. जीव असताना बाहेर काढलेल्यांपैकी कोणत्या पोराने शेवटी काय मागितलं ते तिने कॅमेऱ्यासमोर सांगितलं होतं, एकेकाचं नाव घेऊन. काही दिवसांनी वॉर्डाची दृश्यं घ्यायला दोघं तिथे गेली तेव्हा ती समोरून आली, अनोळखी माणसांकडे पाहून हसतात तशी हसली आणि म्हणाली, "कोणाला भेटायचंय?" आठवण करून दिली तर म्हणाली, "त्या दिवशी मी रजेवर असेन. असं काही मी पाहिलं असतं तर जन्मात विसरले असते का?"

"हिलाही फिरवलं?" जिना उतरताना कानसेनने विचारलं.

"नोकरी जायची भीती. दुसरं काय?"

उत्तर तिने दिलं, पण जरा घाईनेच दिलं. एक गोष्ट तिने त्याला सांगितली नव्हती. मुलाखती लिहून काढायला बसली की तिची बोटं आवाजाच्या पुढे धावायची. पहारेकऱ्याचं वाक्य संपायच्या आत ते तिच्या पडद्यावर उमटलेलं असायचं. कडीचा उल्लेख आला की तिचा उजवा तळहात चरचरायचा आणि आपोआप मूठ वळायची. एकाच कामात महिनोन्महिने बुडालं की असं होतं, असं म्हणून तिने ते सोडून दिलं.

मग शिवणवाली बसली. तिचा एकुलता एक मुलगा टिल्लू त्या आगीत गेला होता. नवरा बसवर ड्रायव्हर. दोन खोल्यांचं घर, खिडकीशी मशीन, जमिनीवर दोऱ्यांचे तुकडे. कॅमेरा लावणं चाललं होतं तेव्हा ड्रायव्हर दारात उभा होता.

"मी बसणार नाही," तो म्हणाला. "माझं जे आहे ते माझ्यापाशी राहू दे." आणि खाली निघून गेला.

शिवणवाली बोलत राहिली. भिंतीवरचं ऊन सरकत सरकत कोपऱ्यात गेलं तरी बोलत होती. टिल्लू न्हाणीघरात शीळ घालायचा. नवीन नोकरी, त्याची केवढी मिजास. त्या सकाळी इस्त्री न केलेला शर्ट घालून निघाला म्हणून ती त्याला ओरडली होती. "भिकाऱ्यासारखा जातोस, म्हणाले मी. तेवढंच. तो 'येतो' म्हणाला, आणि मी वर पाहिलंसुद्धा नाही. हातात टाका होता ना."

ती रडली तेव्हा कॅमेऱ्यामागे बसलेल्या बाईने फोकस हलू दिला नाही. फिल्मचा जीव तो हाच तुकडा, हे तिला त्याच क्षणी कळलं. कळलं याची लाज वाटली.

साहेब एकदम खूश झाले. "आता कशी फिल्म झाली!"

थोड्याच दिवसांनी ड्रायव्हरचा फोन आला. "या," एवढंच म्हणाला. "दोघंही या."

शिवणवाली मशीनवर होती. "या, या. माप द्यायचंय?" तिने हसून विचारलं. तिच्या मांडीवर चौकड्यांचा शर्ट होता आणि ती त्याची पाठ कात्रीने सरळ रेषेत कापत होती. बाजूला आणखी शर्टांचा ढीग. खुंटीवर चौकड्यांच्या कापडी पिशव्या लटकत होत्या, छान, नीटस. ड्रायव्हर पलंगावर बसला होता. त्याच्या मुठीत एक सुटी बाही होती.

"विचारा तिला," तो म्हणाला. "टिल्लू कोण, विचारा."

"सकाळपासून हेच चाललंय," शिवणवाली अवघडून हसली. "कपाटात कोणाचे तरी जुने कपडे पडून होते. म्हटलं पिशव्या होतील. तर ह्यांनी घर डोक्यावर घेतलं."

कानसेनने आपल्या कॅमेरावालीकडे पाहिलं. आईला कोण फिरवणार?

तिने लॅपटॉप उघडला आणि मुलाखत लावली. शिवणवालीने चष्मा पुसला, पुढे सरकून बसली, सगळं मन लावून पाहिलं. इस्त्री न केलेल्या शर्टाचं आलं तेव्हा तिने पदराने डोळे टिपले.

"बिचारी," ती म्हणाली. "एकुलता एक होता का तिचा?"

"अगं, ती तूच आहेस!" ड्रायव्हर ओरडला.

ती पुन्हा पडद्याकडे निरखून पाहू लागली. "आवाज माझ्यासारखा आहे खरा. चेहरासुद्धा." मग नवऱ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "पण आपल्याला कुठे मूल झालं?"

ड्रायव्हर उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

शेजारणीला टिल्लू आठवत होता. कोपऱ्यावरच्या न्हाव्याला आठवत होता. त्यांच्या मुलाखती झालेल्या नव्हत्या.

"पुसून टाक ते," गाडीत बसल्यावर कानसेन म्हणाला. "सगळं पुसून टाक. परत येईल कदाचित त्यांचं त्यांना."

"आणि नाही आलं तर? आईच्या डोक्यात नाही, माझ्याकडेही नाही. मग तो पोरगा राहिला कुठे?"

"तू हे त्याच्यासाठी बोलतेयस की फिल्मसाठी?"

तिने लॅपटॉपची पिशवी मांडीवर घट्ट धरली. त्याने गाडी सुरू केली.

तिने ना काही पुसलं, ना पुढचं काम केलं. साहेबांचे फोन घेणं बंद केलं. पहारेकऱ्याचा हात, परिचारिकेची पोरं, ते "येतो" म्हणणं, सगळं तिच्या मागे घरभर फिरत होतं. एकदा न्हाणीघरात ती शीळ घालत असल्याचं तिच्याच कानांवर आलं. तिला कधी शीळ येत नव्हती. तिने नळ मोठा सोडला आणि आवाज थांबेपर्यंत ओठ दाबून उभी राहिली.

आणि मग ड्रायव्हरचा पुन्हा फोन आला. "मी बसतो," तो म्हणाला. "कॅमेरा घेऊन या."

दोघांनी वाटेत ठरवलं: कॅमेरा लावायचा, पण बटण दाबायचं नाही. माइक अडकवायचा, पण आवाज घ्यायचा नाही. त्याला बोलायचं असेल तर बोलू दे. माणूस हलका होईल, आणि त्याचं त्याच्यापाशी राहील. कानसेनला तरीही धीर होईना. "मी ऐकणार नाही," तो म्हणाला आणि सामान वर पोचवून खाली गाडीपाशी जाऊन थांबला.

शिवणवाली आतल्या खोलीत होती. काहीतरी गुणगुणत होती.

"ऐकताय?" खुर्चीत बसत ड्रायव्हर म्हणाला. "गाणी म्हणते. पोटभर जेवते. गाढ झोपते. मी रडलो की मला विचारते, अहो, दुखतंय का कुठे? आमचं दोघांचं होतं ते, ताई. आता माझ्या एकट्याच्या गळ्यात आलंय. मला नाही ओढवत."

"काका, तुम्ही नका बोलू," ती म्हणाली. "उठा. मी जाते."

"लावा तो कॅमेरा."

तिने भिंगावरचं झाकण काढलं. बटणावर बोट ठेवलं आणि न दाबता उचललं. पडद्यावर चित्रण चालू असल्याचा तांबडा ठिपका आला नाही. तिने दोनदा खात्री केली.

"लागला," ती म्हणाली.

आणि सवयीने गुडघ्यांवर हात ठेवून थोडी पुढे झुकली.

तो बोलला. टिल्लूला पहिल्यांदा बसच्या स्टिअरिंगवर बसवलं होतं, ते. परीक्षेत नापास झाला तेव्हा त्याला मारलं होतं आणि मग दोघंही जिन्यात बसून रडले होते, ते. कारखान्यात त्याला चिकटवण्यासाठी व्यवस्थापकाचे पाय आपणच धरले होते, हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. शेवटी शवागारात ओळख पटवायला तो एकटाच आत गेला होता. पट्ट्याच्या बक्कलावरून ओळखलं. बाहेर येऊन बायकोला सांगितलं, चेहरा शांत होता.

तो थांबला. खोलीत मशीनच्या तेलाचा वास होता. त्याने तोंडावरून हात फिरवला आणि झोपेतून उठल्यासारखा इकडेतिकडे पाहू लागला.

तांबडा ठिपका नव्हता. तिने पुन्हा पाहिलं. नव्हताच.

बक्कल तिच्या बोटांना लागत होतं, थंड, एका बाजूने वितळलेलं. ती खुर्चीतच वाकून हमसून हमसून रडू लागली.

"अहो ताई! ताई, काय झालं?" ड्रायव्हर धडपडत उठला. त्याचा आवाज मोकळा, दणदणीत होता. "अगं, पाणी आण लवकर!"

शिवणवाली धावत आली. तिने तांब्या पुढे केला, पदराने तिचं तोंड पुसलं. दोघं तिच्या दोन्ही बाजूंना जमिनीवर बसली.

"कोणी गेलंय का तुमचं?" शिवणवालीने मायेने विचारलं.

तिने मान हलवली.

"कोण हो?"

"टिल्लू," तिच्या तोंडून निघालं.

तिने दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, एकेकाच्या डोळ्यांत नीट पाहिलं. ड्रायव्हरने कळवळून मान हलवली. शिवणवाली तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"गोड नाव आहे," ती म्हणाली. "लहान होता का?"