अकरावी आर्टरी

अधीक्षक साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. आणि माझ्या आत्याच्या हातूनही लिहवून घेतलंत.

पुढचं वाचून कुणाला हसू आलं तर खुशाल हसा. यात पदरचं एक अक्षर घातलेलं नाही. मंगळवार होता, दुपारचे चार. जागा, ऑपरेशन थिएटरमागची हत्यारं धुवायची खोली.

आत्या तिथे एकवीस वर्षं हत्यारं धूत होती. जखम फाकवून धरणारे रिट्रॅक्टर, टाके घालताना सुई पकडणारे होल्डर, कात्र्या, ब्लेडचे दांडे. आणि आर्टरी. दिसायला कात्रीसारखी, पण कापत नाही. रक्ताची नळी चिमटीत धरून रक्त थांबवते. दांड्या दाबल्या की कट्... कट्... कट्... तीन खाचा बसतात. मग सोडवल्याशिवाय सुटत नाही.

एका सेटमध्ये दहा.

महिन्यापूर्वी एका शिलाईवालीच्या पोटाचं ऑपरेशन होतं. आत्या सेट घेऊन आत गेली, तेव्हा बाई टेबलावर पडल्या पडल्या बडबडत होती.

"मावशी, टाचण्या मोजल्याशिवाय मी कपडा गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. तुम्ही मोजता ना?"

"तू झोप गं निवांत. एकवीस वर्षांत माझी एक सुई हरवली नाही."

दोन तासांनी सेट धुवायला आला.

नऊ.

आत्याने बादल्या उपसल्या. रक्ताने थबथबलेले बोळे एकेक पिळून पाहिले. नऊच.

धावत गेली. ऑपरेशन साहेबांनीच केलेलं, ते हातमोजे काढत होते.

"टाके पडलेत, मावशी. आता काय पोट उसवायचं? दुसऱ्या सेटमधली एक यात घाला आणि दहा लिहा."

आत्याने लिहिलं. खाली सही केली.

शिलाईवाली दोनदा कळवळत परत आली. दोनदा गॅसच्या गोळ्या देऊन घरी धाडली. बाराव्या दिवशी गेली. कागदावर लिहिलं, जंतुसंसर्ग.

आणि मग तो मंगळवार.

आत्याने स्वतः दहा मोजल्या, कापडात बांधल्या, वाफेच्या मशीनमध्ये ठेवल्या. तासाभराने गाठ सोडली.

आधी वास आला...

चार दिवस बंद डब्यात राहिलेल्या मटणाचा.

अकरा होत्या.

दहा कोरड्या, चटका बसेल इतक्या गरम. अकरावी ओली. अंगाइतकीच कोमट. जबडा मिटलेला, आणि दातांत काहीतरी करडं, बुळबुळीत लोंबत होतं. त्यातून पिवळा पू कापडावर ठिबकत होता.

आत्या बेसिनमध्ये भडाभडा ओकली. मग ब्रशने दात घासघासून ते काढलं. नखांत अडकलं ते अडकलंच.

बुधवारी पुन्हा अकरा. जबडा पुन्हा मिटलेला. पुन्हा भरलेला.

गुरुवारी ती एकटीच होती. नळ बंद. मशीन बंद. पाठीमागे...

कट्...

ती वळली नाही.

कट्...

ती थांबून राहिली. तिसरी आलीच नाही.

शुक्रवारी तिने ती आर्टरी ट्रेमध्ये घेतली आणि थेट साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"शी! नीट धुवत जा हो!"

"धुतलीय साहेब. तीनदा. ही शिलाईवालीच्या पोटातली आहे."

"मावशी, घरी आराम करा जरा."

"त्या दिवशी नऊच होत्या. लिहून देते."

"नोकरी जड झालीय का?"

साहेबांनी ती कागदात गुंडाळली, उजव्या खणात टाकली, किल्ली फिरवली.

मग बंद खणातून...

कट्.

तिसरी.

साहेबांचा हात नकळत स्वतःच्या पोटावर गेला. "गंज असेल," म्हणाले.

आत्याने तिथेच उभ्याने लिहून दिलं. त्याच संध्याकाळी तिला कामावरून काढलं. आता ती घरी दिवसभर साबणाने बोटं घासते. सालटी निघाली, वास निघत नाही. ताट पुढे आलं की तोंड फिरवते.

आणि तुमच्या केबिनबाहेर बसणारी माणसं नाक दाबून बसतात, साहेब. खण तुम्ही उघडत नाही. घाबरता कशाला, गंजच आहे ना?

खण उघडा. त्या शिलाईवालीच्या नवऱ्याला समोर बसवून उघडा.

टेबलावर पडल्या पडल्या तिने एकच विचारलं होतं. तुम्ही मोजता ना?

बोला साहेब. मोजता?