शेजारच्या खुर्चीतला हात

अखेरच्या तालमीसाठी वक्तृत्वाचे मास्तर भरदुपारी लेकीला घेऊन रिकाम्या सभागृहात आले. संध्याकाळी स्पर्धेची अंतिम फेरी होती. जिंकणारीला रेडिओवर निवेदिकेची जागा मिळणार होती, आणि पोरीनं लहानपणापासून तेवढ्याचाच ध्यास घेतला होता. मास्तरांनी जन्मभर दुसऱ्यांची पोरं बोलती केली. आज पाळी घरचीच होती.

त्यांची शिकवायची रीत साधी. माइक बंद. स्वतः शेवटच्या रांगेत बसायचं आणि आवाज पोचला नाही की हात वर करायचा. तो खाली येईपर्यंत बोलणाऱ्यानं आवाज चढवत राहायचं, थांबायचं नाही. या नियमापायी भलेभले रडकुंडीला आले होते.

लेकीनं सुरुवात झकास केली. शब्द न शब्द स्वच्छ येत होता. हात मांडीवर ठेवून मास्तर डोळे मिटून ऐकू लागले. पण दुसऱ्याच मिनिटाला तिनं आवाज चढवला. मग आणखी. जिथं कुजबुजायचं, तिथंही ती ओरडत होती.

"अगं, हळू! पोचतंय मला."

"तुम्हाला पोचतंय हो, बाबा..." ती म्हणाली, "पण तुमच्या शेजारच्या बाईंचा हात अजून वरच आहे."

मास्तरांनी शेजारी पाहिलं. कुणी नव्हतं. सभागृहातल्या खुर्च्या माणूस उठला की आपोआप मिटायच्या. सगळ्या मिटलेल्या होत्या. त्यांच्या शेजारची तेवढी एक उघडी होती.

लेक पुन्हा बोलू लागली. आवाज चिरकत होता, गालांवरून पाणी वाहत होतं.

"थांब! मी सांगतोय, थांब!"

"थांबता येत नाहीये, बाबा... त्यांना हात खाली घ्यायला सांगा ना..."

कुणाला सांगणार? मास्तरांनी त्या खुर्चीपुढे हात जोडले. "बाई, पोर आहे हो माझी... सोडा तिला." खुर्ची उघडीच राहिली. ते धावत मंचावर गेले आणि लेकीच्या तोंडावर हात दाबला. तळव्याखाली तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, नुसती ऊब लागत होती.

भाषण मात्र चालूच राहिलं. शेवटच्या रांगेतून, लेकीच्याच आवाजात, एकही चूक न करता ते शेवटच्या वाक्यापर्यंत गेलं.

मग खुर्ची फाटकन मिटली. दाराकडे जाता जाता तोच आवाज म्हणाला, "येते हं, बाबा."